किल्ली काढली, तरी इंजिन थांबेना!



भाताची कापणी-झोडणी उरकली, इंद्रायणीची पोती घरात लागली. पेंढा रचून झाला. आता जरा हात मोकळे झाले आहेत, तेव्हा वर्षभर राबलेल्या यंत्रांकडे पाहण्याचे हेच दिवस. एरवी या सदरात आपण खत, बियाणे, रोग-किडी यांवर बोलतो. आज मात्र विषय थोडा वेगळा आहे. तो मी मुद्दाम निवडलेला नाही, तो चालत माझ्याकडे आला. चालत म्हणण्यापेक्षा धडधडत आला, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

नाणे मावळातल्या एका घरी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. घरातले वडीलधारे शेतकरी, त्यांना सारे गाव तात्या म्हणते, म्हणून मीही तात्याच म्हणतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी एके काळी रस्तोरस्ती दिसे. २००० सालाच्या सुमारास ती निघायची बंद झाली आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण तात्यांनी आपली गाडी जपली. दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घेतली. खोपोलीला ठरलेल्या चार घरी तांदूळ पोचवायचा आणि घाट चढून परत यायचे, हा त्यांचा नेम.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. "साहेब, गाडीला भुताटकी झालीय. किल्ली काढून हातात घेतो, तरी इंजिन आपलं चालतंच. खड्-खड्-धाड् करतं, अंग झाडतं आणि मग केव्हातरी गप होतं."

मी फोनवरच म्हणालो, "तात्या, पेट्रोलमध्ये भेसळ असेल. टाकी रिकामी करा आणि चांगल्या पंपावर भरा." त्यांनी तसे केले. गाडी तशीच वागत राहिली. न पाहता सांगितलेले औषध होते ते! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली.

त्यानंतर चारच दिवसांनी जे झाले ते ऐकून मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. तात्यांनी घाटावरून येऊन गाडी खळ्यात उभी केली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, पाय क्लचवर होता. किल्ली काढली आणि गाडी बंद झाली असे धरून त्यांनी क्लच सोडला. इंजिन मात्र बंद झालेले नव्हते. गाडीने पुढे हिसका मारला, दोन हात सरकली आणि तांदळाच्या पोत्याला धडकून थांबली. त्या पोत्याच्या पलीकडे त्यांचा चार वर्षांचा नातू भोवरा शोधत बसला होता. पोते नसते तर काय झाले असते, हे मी लिहीत नाही. तात्यांनीही ते बोलून दाखवले नाही. काकूंनी मात्र स्पष्ट सांगितले, "एक तर ही गाडी दुरुस्त होईल, नाहीतर उद्या भंगारात जाईल."

त्याआधी एका गॅरेजात त्यांना सांगण्यात आले होते, की इंजिन संपले, पूर्ण उतरवून बोअर करावे लागेल. खर्चाचा आकडा एका बैलजोडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. तात्यांचा जीव गाडीवर, काकूंचा जीव नातवावर, आणि खर्च भाताच्या पैशातून. असा तो पेच होता.

चूल विझली, पण निखारा राहिला

आता हे होते कसे, ते आधी समजून घेऊ. माताभगिनींना हे पटकन कळेल, कारण हे चुलीचेच शास्त्र आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते, पिस्टन ते दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. ठिणगी म्हणजे आपली काडेपेटी. किल्ली फिरवून आपण फक्त काडेपेटी काढून घेतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल मात्र बंद होत नाही. इंजिन ज्या क्षणापर्यंत फिरते आहे, तोपर्यंत ते ओढ घेते आणि कार्बोरेटर त्याला पेट्रोल देत राहतो.

तरी इंजिन थांबते, कारण पेटवायला काही नसते. पण समजा, सिलिंडरच्या आत एखादा निखारा शिल्लक आहे. चुलीतली लाकडे ओढून घेतली, काडेपेटी फडताळात ठेवली, तरी निखाऱ्यावर पाचट पडले तर भडकतेच की नाही? तसेच इथे होते. आत साचलेल्या काजळीचा लालबुंद खडा, प्लगचे तापलेले टोक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची जळालेली कड, यांपैकी काहीही निखाऱ्याचे काम करते. ठिणगीवाचून मिश्रण पेट घेते आणि इंजिन चालू राहते. मात्र वेळेवर पेटत नाही. कधी लवकर, कधी उशिरा, म्हणून ते धक्के देते. क्वचित उलटेही फिरते.

मिस्त्री लोक याला 'डिझेलिंग' म्हणतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवले, त्यात प्लग नव्हता. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, ही त्याची युक्ती. पेट्रोल गाडी बिनठिणगीची चालू लागली की ती डिझेलची नक्कल करते, म्हणून हे नाव पडले.

हे नुसते कानाला त्रास देणारे नाही. अवेळी धक्क्यांनी पिस्टन आणि बेअरिंगवर भार पडतो. अर्धवट जळलेले पेट्रोल सिलिंडरचे तेल धुऊन नेते. आणि गाडी गिअरमध्ये असेल तर काय होते, ते तात्यांच्या खळ्यात आपण पाहिलेच.

पहिला प्रश्न : ठिणगी खरोखर बंद झाली का?

जनावर आजारी पडले की आपण आधी ताप पाहतो, मग रवंथ, मग शेण. इंजिनालाही तसाच क्रम लागतो.

किल्ली काढल्यावर इंजिन कसे चालते, ते आधी कानाने ऐका. ते अगदी सुरळीत, नेहमीच्या स्लो स्पीडवर चालत राहिले, तर निखाऱ्याचा दोष नव्हे. ठिणगीच चालू आहे. किल्लीचा स्विच झिजलेला असतो, नाहीतर वायरिंग कुठेतरी एकमेकांस लागलेले असते. जुन्या गाड्यांना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेला असतो, मागाहून रिले जोडलेली असते. अशा वेळी चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीतून करंट उलटा येऊन रिले धरून ठेवतो, असेही घडते. हे काम इलेक्ट्रिशियनचे. त्यासाठी इंजिन उतरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

उलट इंजिन अडखळत, खडखडत, झटके देत चालले, आणि हे फक्त गाडी चांगली तापल्यावरच होत असेल, सकाळी थंड गाडीत होत नसेल, तर तो निखाऱ्याचा दोष समजावा.

खात्री करायला १२ व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक वायर इग्निशन कॉइलच्या त्या टोकाला लावा, जिथे किल्लीच्या स्विचकडून करंट येतो. दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. किल्ली चालू केली की बल्ब लागतो. किल्ली बंद करताच तो विझला पाहिजे. इंजिन धडधडत असताना बल्ब विझलेला असेल, तर ठिणगी निर्दोष. प्लगच्या जाड वायरी चालू इंजिनात हाताने ओढून पाहण्याचा उद्योग करू नये. जोराचा झटका बसतो आणि हात पंख्यात जाण्याची भीती असते. शिवाय ही सर्व तपासणी मोकळ्या अंगणात करा. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये गाडीचा धूर जिवावर बेततो.

तात्यांच्या गाडीचा बल्ब किल्लीबरोबर विझला. इंजिन पुढे दहा-बारा वेळा धडधडले. म्हणजे भुताटकी नव्हती, निखारा होता.

निखारा कोणी फुंकला?

आता निखारा आहे हे कळले, पण तो का झाला हे शोधायचे राहिले. याची कारणे पुष्कळ आहेत. स्वस्त आणि सोप्या कारणापासून सुरुवात करून महागड्याकडे जावे, हा नियम पाळावा.

पहिले पाहावे ते स्लो स्पीडचे स्क्रू. गाडी उभी असताना इंजिन फार वेगाने फिरत असेल, तर कार्बोरेटरचे झाकण जास्त उघडे आहे. मग किल्ली काढल्यावरही भरपूर हवा-पेट्रोल आत जाते आणि निखाऱ्याला खाद्य मिळते. निम्म्या गाड्यांचे दुखणे इथेच निघते, असा माझा अनुभव आहे. पण तो स्क्रू कुणी का वाढवला, हेही विचारावे. तो बहुधा दुसरेच एखादे दुखणे झाकण्यासाठी वाढवलेला असतो.

दुसरे, टायमिंग. ठिणगी उशिरा पडू लागली की इंजिनाची ताकद कमी होते, ते जास्त तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टाच घासून फट कमी झाली, की टायमिंग आपोआप उशिराचे होते. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहून फीलर गेजने मोजावी.

तिसरे, गारवा. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे आहे का, फॅन बेल्ट ढिला आहे का, हे पाहावे. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा. त्याहून जास्त दबला तर पंखा पुरा फिरत नाही. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, जसे पाणी तापवण्याच्या बंबात बसतात. म्हणून कूलंट वापरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

चौथे, प्लग. काढून पाहिले तर प्लग बोलतो. विटकरी-करडा रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते. ओला तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल जळते. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर इंजिन फार तापते किंवा हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाते. दुकानदाराने दिला म्हणून कोणताही प्लग बसवू नये. प्लगांत 'गरम' आणि 'थंड' असे प्रकार असतात. गरम प्रकारचा प्लग आपली उष्णता लवकर सोडत नाही, आणि चुकीच्या इंजिनात तोच निखारा होतो.

पाचवे, हवेची गळती. कार्बोरेटरखालची पॅकिंग फाटली, तर चोरवाटेने हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते.

सहावे, इंधन. रॉकेल मिसळलेले पेट्रोल हे या दोषाचे जुने कारण. रॉकेल पेट्रोलपेक्षा कमी उष्णतेवर आपोआप पेट घेते, म्हणून भेसळीचे पेट्रोल असले की घाटात इंजिन 'टक्टक्' वाजते आणि थांबताना धडधडते. शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकावा. तो दोन मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही, तर पेट्रोल बरे. गडद डाग राहिला, तर शंका धरावी. आणि स्वतःच्या हाताने, चार पैसे वाचतील म्हणून, टाकीत रॉकेल कधीही घालू नये.

हल्लीच्या पेट्रोलबद्दलही दोन शब्द. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल मिळते. हे आरोग्याच्या दृष्टीने फार चांगले झाले. पण जुन्या इंजिनांत तेच शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. आता ती बैठक घासते, टॅपेटची फट आपोआप कमी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. म्हणून जुन्या गाडीची टॅपेट फट वरचेवर तपासून घ्यावी.

त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. हे इथेनॉल आपल्याच उसापासूनही होते, त्याचा आपल्याला आनंद आहे. इथेनॉल सहजासहजी आपोआप पेटत नाही, हा त्याचा गुण. पण त्याच्यात प्राणवायू असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ पडते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होतो. शिवाय ते पाणी शोषते. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. अशा हवेत गाडी चार महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. तेव्हा नळ्या बदला, कार्बोरेटर पुन्हा जुळवून घ्या.

हे सारे पाहूनही दोष राहिला, तरच शेवटचा उपाय करावा : हेड उघडून काजळी खरवडणे आणि व्हॉल्व्ह घासून बसवणे. हे खर्चाचे काम आहे, आणि म्हणूनच ते शेवटी.

तात्यांच्या गाडीत काय निघाले

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडले. मी, तात्या आणि कामशेतचे एक जुने मिस्त्री. काकू पोत्यावर बसून पाहत होत्या.

स्लो स्पीड जवळजवळ दुप्पट होते. का, असे विचारल्यावर तात्या म्हणाले, "गाडी उभी राहिली की बंद पडायची, म्हणून पोरानं स्क्रू पिळला." मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. पॉइंटची टाच पार घासलेली, फट नावालाच. तेव्हा सारी साखळी उलगडली. पॉइंट झिजले म्हणून टायमिंग उशिराचे झाले. टायमिंग उशिराचे म्हणून गाडी बंद पडू लागली. बंद पडते म्हणून स्क्रू पिळला. स्क्रू पिळला म्हणून किल्ली काढल्यावरही पेट्रोल जाऊ लागले. एक दुखणे झाकायला दुसरे उभे केले!

पण तेवढ्याने इंजिन इतके का तापावे? उत्तर काकूंनी दिले. "खळ्यात झोडणी चालू असताना गाडी तिथंच उभी असते. सगळा भुसा तिच्या नाकात जातो," असे त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी रेडिएटरला बॅटरी लावून पाहिले. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये भाताचे तूस आणि कोंडा घट्ट बसला होता. वारा जायला जागाच नव्हती. आम्ही तिघे पुरुष इंजिनात शोधत होतो आणि दोष खळ्यात होता.

रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या धारेने धुतला. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवले, टायमिंग जुळवले, स्लो स्पीड उतरवले, फॅन बेल्ट ताणला. सारे मिळून खर्च झाला तो शेकड्यांत, हजारांत नव्हे. मग तात्या गाडी घेऊन खोपोलीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर किल्ली काढली. इंजिन तिथल्या तिथे गप्प. काकूंनी नातवाला कडेवर घेतले होते. त्या हसल्या नाहीत, पण "बरं झालं" म्हणाल्या.

घाट चढून आल्यावर

आपल्या भागात हा दोष जास्त का दिसतो, याचे उत्तर आपल्या घाटात आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला. खोपोलीहून लोणावळ्याला पोचेपर्यंत गाडी पाचशे मीटरहून अधिक चढते. त्या वाटेवर शिंगरोबाचे ठाणे आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात. जुने ड्रायव्हर तिथे थांबून नाणे टाकत. श्रद्धा तर होतीच, पण त्या थांबण्यात इंजिनालाही विसावा मिळे, हे विसरू नये.

भरलेली जुनी गाडी घाट चढून आली की लगेच किल्ली काढू नये. गाडी न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, एक-दोन मिनिटे स्लो स्पीडवर चालू द्यावी. पंखा आणि पाणी आतली उष्णता ओढून नेतात, निखारा निवतो. नांगर सोडल्यावर बैलाला आपण एकदम पाण्यावर नेत नाही ना, तसेच हे.

एवढे करूनही इंजिन धडधडत राहिलेच, तर ते थांबवण्याची रीत अशी : पुढे-मागे कोणी नाही हे पाहा. पायाचा ब्रेक गच्च दाबा. किल्ली बंदच ठेवून क्लच दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन गुदमरून थांबते. ही तात्पुरती सोय आहे, इलाज नव्हे.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत किल्ली काढताच पेट्रोलची वाट बंद करणारा एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. किल्ली फिरवताना त्याचा 'टिक्' असा बारीक आवाज यावा. तो येत नसेल, तर आधी तेच पाहा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत किल्लीबरोबर पेट्रोलच तुटते, म्हणून हा दोष त्यांत आढळत नाही.

ट्रॅक्टर आणि पंपाचे इंजिन

आता ज्यांच्या घरी जुनी कार नाही, त्यांनी इथे कान द्यावा. न थांबणारे इंजिन तुमच्याही घरी असू शकते, आणि ते अधिक घातक आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे थांबवणे म्हणजे डिझेल तोडणे. ट्रॅक्टरचा स्टॉपचा दांडा ओढला आणि इंजिन थांबले नाही, तर बहुधा मावळाच्या पावसात केबल गंजलेली किंवा निसटलेली असते. ही केबल डिझेल पंपावरच्या एका छोट्या लिव्हरला जाते. ते लिव्हर कोणते, हे आजच मिस्त्रीकडून पाहून घ्या आणि इंजिन स्लो असताना हाताने ओढून थांबवून पाहा. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला ते माहीत असावे.

पण डिझेल इंजिन आपोआप वेग घेऊ लागले, चढतच गेले, धूर ओकू लागले, तर ते पंपाचे डिझेल सोडून स्वतःचे ऑइलच पीत आहे असे समजा. ऑइल प्रमाणाबाहेर भरले, किंवा ऑइलच्या एअर फिल्टरमध्ये खुणेच्या वर तेल घातले, तरी असे होते. अशा वेळी डिझेल तोडून उपयोग नसतो, हवा तोडावी लागते. हवेच्या नळीच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी. हाताचा पंजा, पदर, उपरणे किंवा फडके कधीही धरू नये. ते आत ओढले जाते. फळी जवळ नसेल किंवा जवळ जाणे धोक्याचे वाटत असेल, तर इंजिनाचा मोह सोडा आणि सर्वांना लांब न्या. इंजिन पुन्हा विकत मिळते.

तिसरा प्रकार छोट्या पेट्रोल यंत्रांचा : गवत कापायचे ब्रश कटर, पाठीवरचा पॉवर पंप, छोटा वीडर. यांत मॅग्नेटो असतो आणि तिथे उलटा न्याय आहे. स्विच बंद करणे म्हणजे ठिणगीची वायर लोखंडाला टेकवून तिला मारणे. म्हणजे ही वायर तुटली, तर गाडीप्रमाणे इंजिन बंद पडत नाही, उलट ते बंदच करता येत नाही. उंदराने कुरतडलेली एक वायर एवढे करते. असे झाले तर चोक पूर्ण बंद करावा, इंजिन पेट्रोलने गुदमरून थांबते. पेट्रोलची कॉक बंद केली तरी थांबते, पण त्याला मिनिटभर लागतो. तोवर पाते जमिनीपासून आणि माणसांपासून दूर धरावे.

घरात लावून ठेवा

१. गाडी उभी करताना आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग किल्ली. इंजिन पूर्ण थांबल्यावरच गिअर टाका.

२. गाडीपुढे, ट्रॅक्टरपुढे मुलांना बसू देऊ नका, ते बंद असले तरी.

३. सुरळीत चालत राहिले तर वायरिंग पाहा. धडधडत चालले तर उष्णता पाहा.

४. आधी स्लो स्पीड, पॉइंट, रेडिएटर, बेल्ट, प्लग आणि पेट्रोल. इंजिन उघडणे सर्वांत शेवटी.

५. झोडणी, मळणी संपली की रेडिएटरमधले तूस झाडा.

इंजिन उघडण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला एवढेच विचारा : "किल्ली काढल्यावर कॉइलवर करंट येतो का, ते पाहिलेत का?" ज्याने पाहिले असेल तो सांगेल. ज्याने पाहिले नसेल, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

आणि माझ्यासारख्याने फोनवरून औषध सांगितले, तर त्यालाही म्हणा, साहेब, आधी खळ्यात येऊन बघा.

पुढल्या अंकी पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. भातानंतर ओलीवर हरभरा आणि मसूर कसे साधायचे, ते पाहू. तोवर रामराम.